डोळ्यांनी लावलेली जवारी

तंबोऱ्यावरचे चार दोरे मी चिमट्यानं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि समाधानानं हात झटकले. पुढं जे काही झालं ते या चार दोऱ्यांमुळं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे. फोटोग्राफी मला कुणी शिकवली नाही. नवऱ्यानं हौसेनं घेतलेला कॅमेरा त्याच्या हातून पडला, मी तो दुरुस्त करून आणला आणि परत दिलाच नाही. त्यावर बरीच वर्षं निघाली. मग ओळखपत्रांचे फोटो सरकारी यंत्रं आपणच काढायला लागली, लग्नांतून ड्रोन फिरायला लागले आणि स्टुडिओत माणसं यायची थांबली. माणसं नाहीत तर वस्तू, असं म्हणून मी समोरच्या दुकानांतल्या सतारी-तंबोऱ्यांचे कॅटलॉगसाठी फोटो काढायला लागले. ऐन वेळी डोळे मिटायची सवय सतारीला नसते, हा तिचा मोठा गुण.

वस्तूंचे फोटो काढताना कॅमेरा केबलनं कॉम्प्युटरला जोडून ठेवायचा. बटण दाबलं की फोटो थेट समोरच्या मोठ्या पडद्यावर. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या चित्रात जे देखणं दिसतं, त्याची या पडद्यावर पार अब्रू जाते. धूळ दिसते, बोटाचा ठसा दिसतो, पॉलिशमध्ये अडकलेला केस दिसतो. माझं अर्धं काम फोटो काढायचं आणि अर्धं कचरा वेचायचं.

त्या आठवड्यात माझ्याकडे नवा कॅमेरा आला होता. नवा म्हणजे मला नवा. कुपवाडच्या एका कारखान्यात तो मशिनांची थरथर तपासायचा, त्यांनी पुढचं मॉडेल घेतलं आणि हा मी उचलला. हा साधे फोटोही काढतो, पण त्याची खरी करामत वेगळीच. साधा कॅमेरा म्हणजे हजेरी घेणारा मास्तर. सगळ्या वर्गाची हजेरी, पुन्हा सगळ्या वर्गाची हजेरी. या कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका मात्र गप्प बसून असतो. त्याच्यावर पडणारा उजेड बदलला तरच तो बोलतो, आणि नेमका कधी बदलला ते सेकंदाच्या दहालाखाव्या भागापर्यंत सांगतो. वर्गात जे पोर हललं तेवढ्याचंच नाव कळवायचं, बाकीच्यांचं नाही. असे लाखो निरोप केबलमधून कॉम्प्युटरकडे जातात. तो ते जुळवून, सावकाश करून, हालचाल हजारपट मोठी करून पडद्यावर दाखवतो. भिंत हलताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. बाहेरून रिक्षा गेली होती इतकंच.

तर दस्तगीरचाचांचा एक तंबोरा फोटोला आला. चाचांचं दुकान माझ्या दारासमोर. वय सत्तर, दाढी पांढरी, बोटांना कायम पॉलिशचा वास. गल्लीतल्या बाकीच्यांचे तंबोरे चांगले असतात. चाचांचे बोलतात, असं गाणारी माणसं म्हणायची. नव्या कॅमेऱ्याची हौस म्हणून मी आधी एक तार छेडून तिची थरथर टिपली. मग फोटो काढायला गेले, तर पडद्यावर घोडीपाशी, म्हणजे तारा ज्या रुंद पट्टीवर टेकतात तिथं, चार तारांखाली कापसाचे चार धागे. नाड्याएवढे जाड दिसत होते. काढले. सुरेख स्वच्छ फोटो आला. पुन्हा तार छेडून टिपली, आणि तंबोरा समोर पोचवला.

दुपारी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

तार एकाच तऱ्हेनं हलत नाही. ती सबंध हलते, त्याच वेळी अर्ध्या-अर्ध्यात हलते, तिसऱ्या भागात, चौथ्या भागात, अशी वरवर. प्रत्येक हलण्याचा एक वेगळा बारीक स्वर. कॉम्प्युटर ते एकावर एक मांडून शिडी दाखवतो. जो स्वर जोरात, ती पायरी जास्त उजळ. पहिल्या नोंदीत शिडी थेट पडद्याच्या टोकाला भिडली होती, पंचवीसेक पायऱ्या, सगळ्या पेटलेल्या. दुसऱ्या नोंदीत खालच्या पाच पायऱ्या आणि वर अंधार. मधल्या वेळात बदललं काय होतं, तर चार धागे.

मी चप्पल न घालता गल्ली ओलांडली. चाचा तंबोऱ्याला गवसणीची खोळ चढवत होते. चाचा, ह्याला एकदा वाजवून बघितलंत का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, चारही तारा शांतपणे छेडल्या, मान डोलावली.

"वा," म्हणाले.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण रबर ताणून सोडावं तसा तो आवाज होता. दगडालाही कळला असता.

आणखी एक फोटो राहिलाय अशी थाप मारून मी तंबोरा परत आणला. कचऱ्याच्या डब्यात हात घालून दोरे शोधत होते तेवढ्यात चाचा मागोमाग दारात. पडद्यावर दोन्ही शिड्या तशाच.

"हे काय काढलंस?"

सांगितलं. तारेचं हलणं, पायऱ्या, कॅमेरा, सगळं. डावीकडची शिडी दोऱ्यांसकटची, उजवीकडची दोरे काढल्यानंतरची. मला कचरा वाटला, असं कबूल केलं.

ते इतके हसले की टोपी सरकली. "बावीस वर्षं हितं दुकान घालून बसलीयास आणि तुला दोरा ठाऊक नाही? अगं, तार घोडीला कुठं टेकायची ते दोराच ठरवतो. तो काढला की..."

तिथं त्यांचं हसू थांबलं. त्यांचं त्यांनाच कळलं. ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले आणि उजवीकडच्या शिडीतल्या अंधाराकडे बघत राहिले.

"मग मघाशी मी 'वा' कशाला म्हणालो?"

मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"पोरी, ह्या वरच्या पायऱ्या मला तीन वर्षं झाली ऐकू येत नाहीत."

मग सगळं बाहेर आलं. ज्या मिरजेत गल्लीगणिक डॉक्टर, तिथले चाचा कान दाखवायला कोल्हापूरला गेले होते, कुणाला कळू नये म्हणून. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यानं माणसांचं बोलणं कळतं. ते बोलण्यासाठीच बनवलेलं असतं. तंबोऱ्याचे बारीक स्वर मात्र त्याला खरखर वाटतात आणि ते तेवढेच पुसून टाकतं. ते यंत्र चाचांच्या कपाटात, कुराणशरीफच्या खालच्या कप्प्यात पडून होतं. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखत होते. जवारी लावत होते ती सवयीनं.

जवारी म्हणजे काय ते मलाही त्या दिवशीच नीट कळलं. घोडीची पट्टी सपाट दिसते, पण तिला नजरेत न येणारा उतार असतो. हलणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि प्रत्येक टेकण्यातून वरचे स्वर जागे होतात. तो उतार कानशीनं घासून आणायचा. एक घास जास्त झाला तर तार बोचरी होते, कमी पडला तर मुकी. चाचांच्या वडिलांनी खोलीचं दार लावून, एकट्यानं जवारी लावली; चाचांनीही तशीच. त्या वेळी आत कुणी बसायचं नाही ही त्यांच्या घरची रीत. त्यांची मुलगी मुबीना नक्षी कोरते, भोपळे निवडून आणते, ऑर्डरी बघते. त्या दाराच्या आत ती कधी गेली नव्हती. कान काय कुणाला ओतून देता येतो का, असं चाचा म्हणायचे.

"पुढच्या गुरुवारी नीलांबरीबाई येणार," ते म्हणाले.

धारवाडच्या नीलांबरीबाई मोठ्या गायिका, तीस वर्षांच्या गिऱ्हाईक. गेल्या वर्षी चाचांनी त्यांच्या शिष्येला दिलेला तंबोरा कानाला टोचतो, असं त्यांनी कळवलं होतं. आता तंबोऱ्यांची जोडी सांगितली होती आणि स्पष्ट लिहिलं होतं, की मनासारखी झाली तर नेईन, नाहीतर इथून पुढं दुसरीकडं बघेन. त्यांनी पाठ फिरवली असती तर धारवाडपासून पुण्यापर्यंत कुणीच या दारात आलं नसतं. जोडी तयार होती. तिची जवारी चाचांनी सहा वेळा लावली, सहा वेळा मोडली. बरोबर झाली का, हे सांगणारंच कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "चाचा, जोडी घेऊन या. ऐकू येत नाही ना, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला, केबल जोडली, घोडीवर दिवा पाडला. चाचांनी तार छेडली. पडद्यावर ती केळीच्या पानाएवढी रुंद होऊन सावकाश डुलायला लागली. घोडीच्या उतारावर एक चमकता ठिपका पुढं सरकायचा, मागं यायचा. तार तिथं टेकत होती. पन्नास वर्षं जे काम कानानं केलं, ते त्या माणसानं पहिल्यांदा पाहिलं. ते पडद्याच्या इतक्या जवळ गेले की काचेवर वाफ धरली.

"फिरतीय बघ की. साप फिरल्यागत फिरतीय."

एवढ्यात खाली लाल अक्षरं उमटली: दोष आढळला.

चाचांचा चेहरा पडला. मला मात्र हसू फुटलं. कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्राम कारखान्याचा. तिथं थरथर म्हणजे बिघाड. जितके जास्त स्वर, तितका तो घाबरून लाल. मुका तंबोरा पुढं धरला असता तर त्यानं हिरवी खूण देऊन पास केला असता. हे समजल्यावर आम्ही दोघं लाल अक्षरांची वाट बघायला लागलो. पण तेवढ्यानं भागेना. जोडीतल्या दोन्ही तंबोऱ्यांच्या शिड्या टोकापर्यंत पेटलेल्या होत्या, आणि टोचणारा तंबोराही तसाच दिसला असता. वरचे स्वर ऐकू येत नाहीत म्हणून चाचा तीन वर्षं जास्त जास्त घासत आले होते. आपल्याला ऐकू येत नसलं की आपण आवाज चढवतो, तसं. आता कुठल्या पायरीला किती उजेड हवा हे सांगायला यंत्राजवळ काही नव्हतं. त्याला चांगलं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

"माझ्या कान शाबूत असतानाच्या तंबोऱ्यावर बघता आलं असतं," चाचा म्हणाले. पण वाजत्या तंबोऱ्याची तार घोडीला खात राहते, दर दोनतीन वर्षांनी जवारी नव्यानं लावावी लागते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा त्यांचा हात जसाच्या तसा असलेला तंबोरा आता जगात कुठं सापडणार? त्यासाठी तो कुणी कधी वाजवलेलाच नको. आणि चाचांचा तंबोरा घेऊन तो न वाजवणारं मूर्ख कोण असेल?

मी काही वेळ केबल गुंडाळत बसले. मग घरी गेले.

स्टुडिओ उघडला त्या वर्षी मी गाणं शिकणार होते. चाचांनी माझ्यासाठी तंबोरा केला, मान खाली घालून कमी दर सांगितला, जवारी लावून दिली. मी दोनदा क्लासला गेले. तिसऱ्या वेळी सासूबाई आजारी पडल्या, चौथ्या वेळी कुणी पडलं नाही, मीच गेले नाही. तेव्हापासून तो गवसणीत, कपाटाशेजारी उभा. चाचांनी विचारलं की मी म्हणायचे, चाललंय हळूहळू.

तो मी बावीस वर्षांनी गल्लीतून उजळ माथ्यानं, म्हणजे खरं तर पदर तोंडावर ओढून आणला. चाचांनी गवसणी काढली. तारा गंजून गेलेल्या. घोडीवर मात्र एकही रेघ नाही. त्यांनी अंगठा फिरवला.

"चाललंय हळूहळू, व्हय?" म्हणाले.

मी पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी नव्या तारा चढवल्या, दोरे सारखे केले, खालच्या स्वरांवर जमेल तसं जुळवून तार छेडली. शिडी वर चढली. आणि ती वेगळी होती. खालून दाट, मधे थोडी मोकळी, वर पुन्हा फुललेली, आणि टोकाला पोचता पोचता विझत जाणारी. जिथं जोडीची शिडी नुसती भगभगत होती तिथं हिला उतार होता, ठेवण होती. चाचा पडद्यापाशी सरकले. आपला अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचा कान ते बघत होते.

"हां," शेवटी म्हणाले. "असा होता मी."

मग आम्ही कामाला लागलो, आणि त्या दिवसांसारखी मजा मला लग्नातही आली नव्हती. तारा सोडायच्या, घोडी काढायची, दोन घास, पुन्हा चढवायची, जुळवायची, छेडायची, बघायची. चाचा "सातवी जरा खाली" म्हणायचे, मी पायऱ्या मोजायचे. नवरा जेवायचा डबा घेऊन आला आणि केबल धरून उभा राहिला. अडचण एकच: स्वर जुळवणं. तो बारीक फरक पडद्यावर दिसेपर्यंत तार भरकटायची, आणि मग सगळ्या शिडीचाच घोटाळा.

तिसऱ्या दिवशी मुबीना मंगळवेढ्याहून भोपळे घेऊन परतली. दुकान उघडं, वडील नाहीत. समोर माझ्याकडे आली तर वडील दार सताड उघडं टाकून चारचौघांत जवारी लावतायत. आधी तिला वाटलं चाचांना बरं नाही. मग मीच सगळं सांगितलं. ती ऐकताना मधेच खाली बसली.

"तीन वर्षं? अब्बा, मी तुम्हाला रोज हाका मारतीय. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलाय."

चाचांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं. मग स्टूल सरकवून शेजारी जागा केली.

मुबीनाचे कान तिशीतले. तिनं तार छेडली, खुंटी केसभर फिरवली आणि पडद्यावरचा घोटाळा एका झटक्यात निवला. चाचा चमकून तिच्याकडे बघायला लागले. पुढं दोन दिवस ती ऐकत होती आणि ते बघत होते. "अब्बा, हे जे झिणझिणलं ते कुठलं?" "ते? अकरावी पायरी. हितं दाब कमी करायचा." दाराआडची विद्या अशी भर दुपारी गल्लीसमोर चालली होती. पहिला तंबोरा बुधवारी सकाळी माझ्या तंबोऱ्याशी पायरीला पायरी जुळला. चाचांनी कानस पुसली आणि मुबीनाच्या हातात दिली.

"दुसरा तू कर."

तिनं केला. संध्याकाळ व्हायच्या आत तिची शिडी जवळपास जुळली. वरच्या तीन पायऱ्या तेवढ्या मंद होत्या. चाचांनी बोट दाखवलं, अजून एक घास.

मुबीनानं तार पुन्हा छेडली. डोळे मिटून ऐकली.

"नको. मला हा असाच पाहिजे."

"तीन पायऱ्या राहिल्यात."

"राहू देत, अब्बा. आता कुणी हात लावला तर मी कानस टाकून घरी जाईन."

चाचा माझ्याकडे बघायला लागले. पडदा म्हणत होता जुळला नाही. कान म्हणत होता पुरे. आणि उद्या गुरुवार.

नीलांबरीबाई अकराला आल्या. चहा नको म्हणाल्या. चटईवर बसून एक एक तंबोरा त्यांनी मांडीजवळ घेतला, स्वतः जुळवला. उजवा चाचांचा, डावा मुबीनाचा. त्यांना सांगितलं नव्हतं. आधी उजवा वाजवला, मग डावा, मग पुन्हा उजवा, मग बराच वेळ डावा. मान खाली, कपाळ दांडीला टेकलेलं. तसंच त्या काहीतरी म्हणाल्या.

मुबीना उत्तर द्यायला पुढं झाली. चाचांनी हात आडवा केला.

"बाई, मान वर करून बोला. मला ऐकू येत नाही."

नीलांबरीबाईंनी वर बघितलं. कधीपासून, असं विचारलं. तीन वर्षं, चाचा म्हणाले. गेल्या वर्षीचा तंबोरा त्यातलाच, तो परत पाठवा, नीट करून देऊ. मग त्यांनी आपणहून सांगितलं, की जोडीतला एक त्यांनी डोळ्यांनी केलाय आणि एक या मुलीनं.

"मी तेच विचारत होते," बाई म्हणाल्या, आता एक एक शब्द सावकाश, ओठ दिसतील असा. "हा डावा कुणी केला? तो तुमचा नाही."

"बिघडलाय?"

"उजवा तुमच्या जुन्या तंबोऱ्यांसारखा आहे, चाचा. मला ओळखीचा. डावा कुणासारखाच नाही. दोन्ही नेते. पण सकाळी रियाजाला बसताना हा घेईन."

चाचांनी मुबीनाकडे बघितलं. तिनं दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि मग त्याच दुपट्ट्यानं तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची फळी, पुसायला लागली. त्यांनी तिच्या हातावर हलकी चापट मारली. पॉलिश जाईल म्हणाले.

जोडी बांधायच्या आधी मी एक फोटो हवा म्हणाले. डावा तंबोरा दिव्याखाली ठेवला, केबल जोडली. पडद्यावर घोडी उमटली आणि तिच्यावर नाड्याएवढे जाड चार दोरे. चाचा माझ्या खांद्यामागून डोकावले.

"सुवर्णा, कचरा राहिलाय बघ तिथं."

मी चिमटा खणात टाकला आणि खण बंद केला. फोटो झाला. मग राहवलं नाही म्हणून मुबीनाला एकदा तार छेडायला सांगितलं. शिडी सरसर वर चढली, टोकाशी हवी तेवढी विझली, आणि खाली लाल अक्षरं आली.

"दोष आढळला," चाचांनी मोठ्यानं वाचलं. मग शिडीच्या टोकापर्यंत सावकाश नजर नेली आणि मान डोलावली.

"वा."